पुढे एकच चकती

परवा रोह्याच्या बाजारात वालाच्या शेंगा आल्या. कालव्याकडच्या गावांतल्या बायका पाट्या पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. शेंगा अजून कोवळ्या, पोपटीच्या, जाळात भाजायच्या मडक्यात घालण्याजोग्या नाहीत, पण एका शेंगेला नख लावलं आणि तो हिरवट, किंचित कडवट वास बोटांना लागला. माझा हिवाळा थंडीने सुरू होत नाही, या वासाने होतो. आणि गेली चार वर्षं त्याच्या पाठोपाठ दुसरा एक वास मनात येतो, सायकलच्या चेनला घालतात त्या तेलाचा. शेंगा आणि चेन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. माझ्यापुरता तो एका हिवाळ्याने जोडून दिला.

आमचे हे, म्हणजे प्रकाश, तेव्हा धाटावला एका कंपनीत ऑपरेटर होते. चाळिशी उलटल्यावर माणसाला काहीतरी नाद लागतो म्हणतात. ह्यांना सायकलचा लागला. जाड टायरची, गिअरची, डोंगरात चालवायची ती माउंटन बाइक. रविवारी पहाटे शिफ्टमधल्या दोन मित्रांबरोबर निघायचे, कोलाडपर्यंत रस्त्याने, मग कालव्याच्या कडेने आत, आणि तिथून बैलगाडीच्या वाटांनी जंगलात. दहाच्या सुमाराला परत. पाठीवर मानेपर्यंत चिखलाची रेघ. ते कपडे धुताना मी बोलायची. ते हसून म्हणायचे, "चिखल नाय लागला तर गेलो कशाला?" माझ्या लेखी ती सायकल म्हणजे पडवीतली अडगळ होती.

मी पेणजवळच्या जोह्याची. माहेरी गणपतीचा कारखाना. लहानपणापासून मी आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे काढते. लग्न होऊन रोह्याला आले तरी काम असलं की भाऊ फोन करतो आणि मी पेणची गाडी पकडते. डोळे काढताना बघायला आलेले लोक माझ्या उजव्या हाताकडे बघतात. ब्रश उजव्या हातात असतो. पण मूर्ती डाव्या हाताने तोललेली असते, तो हात एवढासा ढळला तरी देवाची नजर तिरकी होते. डाव्या हाताचं काम कुणाला दिसत नाही, हे मला फार आधीपासून माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र नंतर कळला.

त्या वर्षी श्रावणात ह्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला, तो उचलायला वाकले ते तिथेच बसले. पुढचे पंधरा दिवस मला धड आठवत नाहीत. आठवते ती दवाखान्यातली हिरवी चादर आणि वाकडं झालेलं तोंड सरळ करून "घरी जेवलीस का?" असं विचारायची त्यांची धडपड. तोंड सुधारलं. पाय दीड महिन्यात परत आला, जरा ओढत, पण आला. हात नाही आला. तो वर जायचा, मांडीवर ठेवता यायचा, कशावर तरी टेकवता यायचा. बोटांतली ताकद मात्र गेली होती, अंगठ्यातली तर पार. डॉक्टरांनी एक मऊ चेंडू दाबायला दिला. म्हणाले, "येईल हळूहळू. कितपत येईल ते सांगता येत नाही."

हे तक्रार करणारे नाहीत, आणि तेच मला जड जायचं. शर्टाच्या बटणाशी पाच पाच मिनिटं झुंजायचे, पण मदत करू देत नसत. कंपनीने बसून करायचं काम देऊ म्हणून सांगितलं होतं, तेही त्यांनी मान हलवून ऐकून घेतलं. संध्याकाळी पडवीत सायकलसमोर खुर्ची टाकून बसायचे. फडक्याने तिच्या तारा पुसायचे, एकेक करून, उजव्या हाताने.

दिवाळी झाली, भात झोडून झालं, शेतं मोकळी झाली. एके दिवशी मी जोह्याला गेले असताना ह्यांनी सायकल बाहेर काढली.

काय झालं ते मला शेजारच्या नलूताईंनी सांगितलं, आणि ते तसंच का झालं ते पुढे सायकलवाल्या अन्वरभाईंनी समजावलं. त्या सायकलला पुढे, पेडलपाशी, तीन दातेरी चकत्या होत्या. लहान, मधली, मोठी. मागच्या चाकाला आठ. मागची चेन सरकवायचा खटका उजव्या अंगठ्याखाली, पुढची सरकवायचा डाव्या. आमच्या घरापुढे छोटासा चढ आहे. चेन मोठ्या चकतीवर होती, श्रावणापासून तशीच. पेडल जड झालं, तेव्हा सवयीने डावा अंगठा खटक्यावर गेला. अंगठा गेला, पण खटका दबला नाही. मग ह्यांनी उजवा हात आडवा घालून तो दाबायला बघितलं. हॅण्डल वळलं, चेन चकतीवरून उतरून मधल्या फटीत गेली, पाय एकदम रिकामा पडला आणि हे डाव्या कुशीवर आपटले.

मला म्हणाले, "पायरीवरून घसरलो."

 सायकल खिडकीच्या गजाला साखळीने बांधली आणि किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली. ह्यांनी ती साखळी पाहिली. विचारलं नाही.

अन्वरभाईंचं बाजारात सायकलचं दुकान आहे. रोह्याचेच. एकोणीस वर्षं मस्कतला एका सायकलच्या दुकानात काम केलं, वडील गेल्यावर आईसाठी परत आले आणि इथे स्वतःचं दुकान टाकलं. ह्यांच्या पडण्याची गोष्ट त्यांच्या कानावर गेली, तसे एका शुक्रवारी दुपारी नमाज आटपून घरी आले. चहा घेतला, ह्यांचा डावा हात आपल्या हातात घेऊन म्हणाले, "दाबा बघू." ह्यांनी दाबला. अन्वरभाईंनी हात सोडला आणि सायकलजवळ जाऊन उकिडवे बसले.

"प्रकाशभाऊ, हा डावा खटका काढूनच टाकू या ना."

"आणि पुढचे गिअर?"

"पुढचे गिअर पाह्यजेत कशाला? तीन चकत्या काढायच्या, एकच बसवायची, मधल्या मापाची. मागं मोठा संच टाकू, त्यातली शेवटची चकती जेवायच्या ताटलीएवढी येते. चढाला ती पुरते. सगळं काम उजव्या अंगठ्यावर."

हे खुर्ची ओढून जवळ गेले. अन्वरभाई बोटाने हवेत चकती काढून दाखवत होते. "शेवटी शेवटी तिकडं मी हेच बसवत होतो. डोंगरात जाणारे सगळे हेच मागायचे. ह्या एकट्या चकतीचे दात एक जाड, एक बारीक, असे असतात. चेनची प्रत्येक कडी दातावर गच्च बसते. खड्ड्यात आपटली तरी उतरत नाय. पुढं चिखल अडकायला जागा नाय. एक वायर कमी, एक खटका कमी, वजन पण कमी. आणि चालवताना डोक्याला ताप नाय. आता पुढची बदलू का मागची, हा विचारच नाय. जड वाटलं की एकीकडं दाबा, हलकं वाटलं की दुसरीकडं."

"आणि ब्रेक?" मी विचारलं. मला वाटलं, इथे तरी अडेल.

"त्याची पण सोय हाय, वैनी. एका लिव्हरला दोन वायरी लागतात, अशी लिव्हर मिळते. उजव्या हातानं दोन्ही ब्रेक."

"तोटा काय?" हे म्हणाले. मशीनवर काम केलेला माणूस, तोटा विचारल्याशिवाय राहायचा नाही.

"तोटा हाय. सपाट रस्त्याला, उताराला लय पळणार नाय. मोठी चकतीच नाय ना, पाय नुसते गरगर फिरतील. शर्यत लावायची असेल तर नको."

"शर्यत कोणाशी लावू आता?" असं म्हणून हे हसले. श्रावणापासून पहिल्यांदा. मला ते हसणं ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला मात्र घरापुढचा तो चढ दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीला जाते म्हणून मी घराबाहेर पडले आणि अन्वरभाईंच्या दुकानात गेले. ते एका चाकाची तार ताणत होते. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "भाई, ते सामान मागवू नका. मिळत नाही म्हणून सांगा ह्यांना."

त्यांनी चाक खाली ठेवलं. "वैनी, मी त्यांना खोटं सांगू?"

"परत पडले तर काय करू मी? या खेपेला कोपरावर निभावलं."

त्यांनी हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, "मी तिकडं असताना माझ्या वडलांच्या आजाराचं मला कोणी कळवलं नाय. पोराला परदेशात काळजी नको म्हणून. माझ्या भल्यासाठीच. मला कळलं ते सगळं आटपल्यावर. आज पण घरच्यांचा राग येत नाय मला. पण ते बरोबर होतं असं पण वाटत नाय."

मी तरी जागची हलले नाही. शेवटी ते म्हणाले, "ठीक. तुम्ही सांगेपर्यंत मागवत नाय. आलं का विचारलं तर नाय आलं म्हणेन, ते खरंच असेल. पण जास्त दिवस नको, वैनी."

जास्त दिवस झाले. तीन आठवडे. हे रोज संध्याकाळी बाजारापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. आल्यावर चप्पल काढता काढता सांगायचे, "नाय आलं." पहिल्या आठवड्यात त्या शब्दांत उद्याची आशा असायची. दुसऱ्या आठवड्यात ती नसायची. तिसऱ्या आठवड्यात ते जाऊन यायचे आणि काहीच सांगायचे नाहीत.

आज मागे वळून बघताना मला तेव्हाच्या माझ्या मनाचं आश्चर्य वाटतं. मी त्यांना फसवते आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं. मी त्यांना जपते आहे, असंच वाटत होतं. आजारी माणसाची सेवा करताना हे नकळत होतं. गोळ्यांच्या वेळा आपण ठरवतो, जेवणातलं मीठ आपण ठरवतो, आणि एक दिवस त्यांनी काय मागावं आणि कशाची वाट बघावी, हेही आपणच ठरवायला लागतो. ते आपल्या ध्यानातही येत नाही, कारण हातात औषधाचा पेला असतो.

शेंगांचा हंगाम ऐन भरात आला होता. दुपारी आम्ही पडवीत सूप मधे ठेवून वालाच्या शेंगा सोलायला बसायचो. ती कल्पना ह्यांचीच. चेंडू दाबून कंटाळा येतो, त्यापेक्षा हे बरं, म्हणाले होते. उजव्या हाताने शेंग धरायची आणि डाव्या अंगठ्याने शिवण दाबून उघडायची. सुरुवातीला दाणे चेपायचे, साल तशीच राहायची. मग दहा शेंगांतली एक उघडू लागली, मग दोन. उघडली की ते दाणे मला दाखवायचे, पाच टपोरे दाणे, जणू त्यांनीच पिकवलेत.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका दुपारी बघते तर हे शेंगा दातांनी फोडून उजव्या हाताने सोलत होते. डावा हात मांडीवर तसाच पडलेला, तळवा वर.

"डावा का नाही वापरत?" मी म्हणाले.

"राहू दे."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, काहीच नव्हतं. "कशासाठी वापरू गो? काय काम हाय त्याला?"

मी सूप घेऊन आत गेले. खाटेखाली चेंडू सापडला. त्याच्यावर धूळ बसली होती.

मी ओट्यापाशी उभी राहून उरलेल्या शेंगांतली एक उचलली आणि आपला डावा हात पाठीमागे धरून एका हाताने सोलायला बघितली. शेंग ओट्यावर फिरत राहिली. दाताखाली धरली तेव्हा कडू रस जिभेला लागला. चार शेंगा सोलायला किती वेळ गेला कुणास ठाऊक. ते महिनोन्महिने हेच करत होते, बटणांशी, टॉवेलशी, पोळीशी. आणि ज्या एका गोष्टीत कुणीतरी त्यांना उजव्या हातावर निभेल अशी वाट काढून दिली होती, ती मी बुजवली होती.

बाहेर आले आणि सांगितलं. सगळं. भाजीला म्हणून गेले होते तिथपासून. सांगताना त्यांच्याकडे बघवेना म्हणून खिडकीच्या गजाला बांधलेल्या सायकलकडे बघत सांगितलं.

ते उठले, चप्पल घातली आणि निघून गेले. दोन तास. मला नलूताईंकडेही जाववेना. ऊन उतरलं तेव्हा परत आले, पडवीच्या पायरीवर बसले.

"अन्वरकडं गेलो होतो," म्हणाले. "त्याची चूक नाय."

"माझीच आहे."

"तू मला सांगायचं होतंस. भीती वाटते म्हणून."

"तुम्ही ऐकलं असतं?"

"नसतं कदाचित." मग म्हणाले, "मला पण वाटते भीती. तुला वाटतं मला नाय वाटत? आज सामान आलं नाय म्हणाला की एखाद दिवशी मनातनं सुटल्यासारखं वाटायचं. बरं झालं, आज नाय बसावं लागणार. पण ती भीती माझी हाय. ती माझ्याकडं असू दे."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. त्यांना कशाची भीती वाटते हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मी पर्समधून किल्ली काढून पायरीवर त्यांच्याशेजारी ठेवली. त्यांनी ती लगेच उचलली नाही.

चार-पाच दिवसांत सामान आलं. बसवताना मी दुकानात हजर होते. अन्वरभाईंनी तिन्ही चकत्या एकत्र बाहेर काढल्या, काळ्या तेलाने माखलेल्या. पुढची चेन सरकवणारा तो छोटा पिंजरा काढला, त्याची वायर ओढून काढली, शेवटी हॅण्डलवरचा डावा खटका सोडवला. सगळं एका जुन्या डब्यात ठेवलं. सायकल उघडीबोडकी दिसायला लागली. मग ती एकच चकती बसली. नवीन, राखाडी, तिचे दात मी बोट लावून बघितले. खरंच एक जाड, एक बारीक. हॅण्डलच्या डाव्या बाजूला आता फक्त रबरी मूठ होती. अन्वरभाई म्हणाले, "ह्या हातानं फक्त टेकून राहायचं. तोल धरायचा. तेवढं काम त्याला हाय."

मूर्ती तोलणारा माझा डावा हात मला आठवला. 

पहिले आठ दिवस नदीकाठच्या मोकळ्या मैदानात, सकाळी. मी चालत मागे. ब्रेक लावताना सुरुवातीला जोरात लागायचे, मग अंदाज आला. पडले नाहीत. एकदा पडता पडता पाय टेकले आणि माझ्याकडे बघितलं. मी चेहरा जमेल तितका कोरा ठेवला.

आता चार वर्षं झाली. हात पूर्ण आलेला नाही, येणारही नाही, हे आम्हा दोघांना कळून चुकलंय. वरच्या बटणाला अजून मी लागते, आणि आता ते मला लावू देतात. रविवारी कोलाडच्या रस्त्यावर पनवेल-मुंबईकडची सायकलवाली मंडळी ह्यांना मागे टाकून जातात. सपाटीला ह्यांचे पाय भिंगरीसारखे फिरतात आणि सायकल आपल्याच चालीने चालते. अन्वरभाईंनी सांगितलेला तोटा तंतोतंत खरा आहे. कुणी विचारलं तर हे सांगतातही, शर्यतवाल्यांनी हे बसवू नये. मागची मोठी चकती महाग आहे, तेही सांगतात. पण चढ लागला, वाट दगडांची झाली, की कुठली चकती पुढे आणि कुठली मागे याचा हिशोब करत बाकीचे घुटमळतात तेव्हा हे एका अंगठ्याने चेन वर चढवत बेताबेताने जातात. पावसाळ्यात सायकल धुवायला सोपी, एका हाताने होते. काही माणसांनी दोन्ही हात धडधाकट असून ही रचना पसंत करावी, हे मला आधी विचित्र वाटायचं. आता वाटत नाही. मला स्वतःला मात्र अजून वाटतं, की तिन्ही चकत्या चालवता येणं आणि मग एक निवडणं वेगळं, आणि दोन चकत्या हातच्या गेल्यावर एकीवर भागवणं वेगळं. दोन्हीकडून सायकल तीच दिसते.

त्या हिवाळ्यातला शेवटचा दिवस सांगायचा राहिला. माघ लागला होता. कारखान्यात माघी गणपतींच्या डोळ्यांचं काम संपवून मी आदल्या दिवशी जोह्याहून परतले होते. हे म्हणाले, "उद्या कालव्यावर जातो." विचारलं नाही, सांगितलं. मी म्हणाले, "मी स्कूटीवर मागून येते." ते हो म्हणाले.

कोलाड सोडून आत वळलो. डाव्या हाताला कालव्याचं पाणी, उजव्या हाताला वालाची शेतं, अर्धी खुडलेली. वाट खडीची, मधे मधे खड्डे. मी पन्नास हात मागे. मला फक्त चेनचा आवाज ऐकू येत होता. चढ आला की टक्, टक्, चेन एकेक पायरी वर चढायची, ह्यांची पाठ किंचित पुढे झुकायची. एका खड्ड्यात मागचं चाक चांगलंच आपटलं. माझा हात ब्रेकवर गेला. चेन जागची हलली नाही. पाय फिरत राहिले.

पुढे कालवा डोंगराला वळसा घालतो. त्या वळणाअलीकडे मी स्कूटी थांबवली. का थांबवली ते मलाही नीट सांगता येणार नाही. पन्नास हातांचं अंतर शंभर झालं, मग दीडशे. ह्यांनी मागे वळून बघितलं नाही. वळणावर लाल शर्ट दिसला आणि नाहीसा झाला.

मी गाडी स्टँडवर लावली. शेतातून एक म्हातारी शेंगांची पाटी घेऊन वर आली, विसाव्याला बांधावर बसली.

"कोनाची वाट बघतंस गो?"

"आमच्या मालकांची. सायकलवर गेलेत पुढं."

"मग तू हितं कशाला थांबलीस?"

"अशीच."

तिने वळणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "येतील. वाट एकच हाय, कालव्यासंगं जाते नि कालव्यासंगं येते." पाटी डोक्यावर घेऊन ती निघून गेली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. घड्याळ बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. फोन पर्समध्येच राहू दिला. दोनदा स्कूटीची किल्ली फिरवली आणि दोनदा बंद केली. पाण्यावरून एक खंड्या गेला, परत आला. मला कळत होतं, की आत्ता त्या वळणापलीकडे काही झालं तर मी स्वतःला कधी माफ करणार नाही. हेही कळत होतं, की तरीही मी इथेच थांबणार आहे.

मग आवाज आला. चेनचा नाही, खडीवर टायरांचा. वळणावरून हे आले. उतार होता, पाय नुसते गरगर फिरत होते, सायकल मात्र तिच्या बेतानेच पळत होती. तोंड लाल झालं होतं. पाठीवर चिखलाची रेघ आली असणार, मला समोरून ती दिसत नव्हती. डावा हात मुठीवर टेकलेला होता.

मला वाटलं, आता थांबतील. मी दोन पावलं पुढे झाले.

ते थांबले नाहीत. माझ्याकडे बघून मान हलवली, आणि माझ्यासमोरून पुढे निघून गेले, घराच्या दिशेने. मी घाईघाईने स्टँड काढला आणि त्यांच्या मागे निघाले.